दांतांवरील तार कां तुटते?

अहिल्यानगर जिल्ह्यांतील, म्हणजे २०२४ पर्यंत अहमदनगर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यांतील, कोणत्याही घरीं घडण्यासारखा हा प्रसंग आहे. दांतांवर तार बसविलेली बारातेरा वर्षांची मुलगी जेवतां जेवतां थांबते, गालाला हात लावते आणि म्हणते, ‘‘आई, तार तुटली गं.’’ आईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘‘पुन्हां ऊंस खाल्लास ना?’’ मुलगी शपथेवर सांगते कीं, ऊंस नाहीं, चिक्की नाहीं. ताटांत नुसता वरणभात आहे. वरणभातानें पोलादाची तार तुटते यावर कोणाचा विश्वास बसावा? सारें खापर मुलीच्या माथीं फुटतें. दुसऱ्या दिवशीं वडिलांना काम बुडवून तिला दवाखान्यांत न्यावें लागतें, आणि तेथेंही ‘‘कांहीं तरी कडक खाल्लें असशील’’ हें वाक्य पुन्हां एकवार तिच्या कानीं पडतें.

या प्रसंगांत खरें कोण बोलतें, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. वांकडे दांत सरळ करण्याचा उपचार बहुधा दीड ते दोन वर्षें चालतो. त्या मुदतींत तार तुटली आणि वेळेवर बदलली गेली नाहीं, तर जागेवर येऊं लागलेला दांत मागें सरकतो, उपचार लांबतो, आणि कांहीं घरीं तर कंटाळून तो अर्ध्यावरच सोडून दिला जातो. क्षेत्रफळानें हा जिल्हा महाराष्ट्रांत सर्वांत मोठा. त्याचा विस्तार सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. ज्या लोणीच्या परिसरांत विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याच लोणीस १९८४ मध्यें ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि १९९० मध्यें ग्रामीण दंत महाविद्यालय निघालें. संगमनेर येथेंही दंत महाविद्यालय आहे. दांत सरळ करण्याची जी शाखा, जिला ऑर्थोडॉन्टिक्स म्हणतात, तिचे उपचार त्यामुळें खेड्यांतील मुलांच्या आटोक्यांत आले. परंतु हीं दोन्ही स्थळें जिल्ह्याच्या उत्तर अंगास आहेत. जामखेडकडून लोणीस जावयाचें म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटरांचा प्रवास, एस. टी.चें भाडें आणि एका दिवसाची बुडालेली मजुरी हीं आलींच. शिवाय मुलीच्या मनाला लागलेला खोटेपणाचा आरोप निराळाच. तेव्हां तार कां तुटते हें नीट समजून घेणें हिताचें आहे.

प्रथम ही तार तोंडांत काय करते तें पाहिलें पाहिजे. दांत हा भिंतींत ठोकलेल्या खिळ्याप्रमाणें हाडांत घट्ट रुतलेला नसतो. त्याचें मूळ आणि जबड्याचें हाड यांच्यामध्यें तंतूंचा एक पातळ पडदा असतो, आणि त्या तंतूंनीं दांत जणूं टांगलेला असतो. दांतावर एका बाजूनें हलका परंतु सतत दाब ठेवला, तर ज्या दिशेस तो रेटला जातो तेथील हाड हळूहळू विरतें आणि पाठीमागें मोकळ्या झालेल्या जागेंत नवें हाड भरून येतें. हें काम जिवंत पेशींचें असल्यामुळें त्यांत घाई चालत नाहीं. महिन्याला सुमारें एक मिलिमीटर ही दांताची साधारण चाल होय. जोर वाढविल्यानें ही चाल वाढत नाहीं. उलट तंतूंतील रक्ताचा पुरवठा खुंटून ती मंदावते, आणि प्रसंगीं मुळासही इजा पोंचते.

हा हलका दाब देण्याचें काम तारेकडे असतें. प्रत्येक दांतावर एक लहानशी चौकट चिकटवितात. तिला ब्रॅकेट म्हणतात. तिच्या मध्यावर एक खांच असते, आणि मागच्या दाढांवर एक आडवी नळी बसविलेली असते. या सर्व खांचांतून ओवून तारेचीं टोंकें दोन्हीं बाजूंच्या नळ्यांत सरकवितात. दांत मागेंपुढें असल्यामुळें खांचा एका रेषेंत नसतात आणि त्यांत बसतांना तार जागोजाग वांकते. आपला मूळचा आकार परत मिळविण्याची तिची जी धडपड, तीच दांतांना ओढून रांगेंत आणते. म्हणजे ही तार केवळ बंधन नसून एक स्प्रिंग आहे.

अशा स्प्रिंगेच्या अंगीं परस्परविरोधी गुण असावे लागतात. ती पुष्कळ वांकली पाहिजे, पण वांकलेलीच राहतां कामा नये. तिचा जोर बेताचा असला पाहिजे, पण चावण्याच्या रेट्यापुढें तिनें हार खातां कामा नये. दंतवैद्याच्या पकडींत तिला हवा तो आकार देतां आला पाहिजे, आणि तो आकार दिल्यावर मात्र तिनें तो सोडतां उपयोगी नाहीं. शिवाय हें सारें लाळेंत, गरम चहांत, थंड पाण्यांत आणि आंबट चिंचेंत महिनोगणती सांभाळावयाचें. एकाच शुद्ध धातूंत हे सारे गुण सांपडत नाहींत. त्यामुळें दंतवैद्याला मिश्रधातूंचा आश्रय करावा लागतो.

धातूंच्या मिश्रणानें गुण कसे पालटतात याचें एक अवाढव्य उदाहरण नगर शहरानेंच निर्माण केलें आहे. विजापूरच्या बुरुजावरील मलिक-इ-मैदान ही प्रसिद्ध तोफ १५४९ मध्यें अहमदनगर येथें, बुऱ्हाण निजामशहाच्या पदरीं असलेल्या महंमद बिन हसन रूमी या तुर्क ओतकाऱ्यानें ओतली. तिचें वजन सुमारें पंचावन्न टन आहे. तिच्या धातूंत साधारणतः चार भाग तांबें आणि एक भाग कथील आहे. एकटें तांबें मऊ असतें आणि कथील त्याहूनही मऊ असतें. परंतु या प्रमाणांत तीं एकत्र आलीं म्हणजे घंटेचें कांसें होतें, जें टणक असतें तसेंच ठिसूळही असतें. ओतकाऱ्याला तोफेच्या भिंती वाटेल तितक्या जाड ठेवून त्या ठिसूळपणावर मात करतां आली. दांतांवरील तारेला ती सोय नाहीं. तिची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आंतबाहेर असते, आणि एवढ्या बारीक अंगावरच तिला आपलें काम निभवावें लागतें.

जाडी वाढविली कीं काम भागेल असें कोणास वाटेल. पण जाडीचें गणित फार कडक आहे. गोल तारेचा ताठपणा तिच्या व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणांत वाढतो. एक हजारांश इंचाच्या मापानें चौदाची तार काढून अठराची घातली, तर जाडी शेंकडा तीसहूनही कमी वाढते. ताठपणा मात्र पावणेतीन पटींच्या जवळ जातो. दोन आधारांमधील अंतराचा नियम याच्या उलट आहे. हें अंतर दुप्पट झालें म्हणजे ताठपणा एकअष्टमांशावर येतो. म्हणून उपचाराच्या आरंभीं बारीक व लवचीक तार आणि दांत रांगेंत आल्यावर जाड व चौकोनी तार, असा क्रम दंतवैद्य पाळतात. जाड तार आरंभींच घातली तर ती दांतांना इजा करील, आणि खांचांत बसतांना स्वतःही कायमची वांकून बसेल.

या कामीं कोणत्या मिश्रधातु आल्या आणि कोणत्या गेल्या याचा इतिहास मनोरंजक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभींच्या दशकांत सोन्याच्या मिश्रधातूच्या तारा प्रचारांत होत्या. त्या लाळेनें काळवंडत नसत, पण महाग व नरम होत्या. पुढें जर्मनींत क्रुप कारखान्यांतील संशोधकांनीं १९१२ मध्यें आणि शेफील्ड येथें हॅरी ब्रीअर्ली यानें १९१३ मध्यें न गंजणारें पोलाद सिद्ध केलें. १९३० नंतर दांतांच्या तारांत त्यानें सोन्याची जागा हळूहळू घेतली. ज्याला स्वयंपाकघरांत स्टेनलेस स्टील म्हणतात, त्याच जातीचें हें पोलाद होय. त्यांत शेंकडा सुमारें अठरा भाग क्रोमियम आणि आठ भाग निकेल असतें. क्रोमियम हवेशीं संयोग पावून पोलादावर डोळ्यांना न दिसणारा एक पापुद्रा धरतें, आणि तो पापुद्रा शाबूत आहे तोंवर आंतील लोखंडाला गंज चढत नाहीं. त्यानंतर कोबाल्ट, क्रोमियम व निकेल यांची एक मिश्रधातु आली. ती अमेरिकेंतील एल्जिन या घड्याळाच्या कंपनीनें घड्याळाच्या स्प्रिंगेसाठीं तयार केलेली होती.

सर्वांत चमत्कारिक शोध मात्र आरमाराच्या प्रयोगशाळेंत लागला. विल्यम ब्यूलर हा धातुशास्त्रज्ञ १९५९ च्या सुमारास अमेरिकेच्या नाविक शस्त्रास्त्र प्रयोगशाळेंत क्षेपणास्त्राच्या शिरोभागासाठीं योग्य मिश्रधातु शोधीत होता. निकेल आणि टिटॅनियम यांच्या मिश्रणाची एक पट्टी घड्या घालून त्यानें एका बैठकींत पाहावयास पाठविली असतां, उपस्थितांपैकीं एकानें गंमत म्हणून तिच्याखालीं चिलिमीचा लायटर धरला. तों ती पट्टी आपोआप उलगडून सरळ झाली! उष्णता मिळतांच तिला आपला पूर्वींचा आकार आठवला. या मिश्रधातूस नितिनॉल हें नांव पडलें, आणि आयोवा विद्यापीठांतील जॉर्ज अँड्रिअसन यानें १९७० नंतर ती दांतांच्या तारांसाठीं उपयोगांत आणली. पुढें १९८० च्या सुमारास बर्स्टन आणि गोल्डबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं टिटॅनियम व मॉलिब्डेनम यांची, निकेल मुळींच नसलेली, मिश्रधातु पुढें आणली. ज्यांच्या त्वचेस निकेल सोसत नाहीं त्यांना ती विशेष उपयोगी पडते. पोलादाचा ताठपणा दहा धरला, तर या टिटॅनियम तारेचा साधारण चार आणि निकेल-टिटॅनियम तारेचा सुमारें दोन भरतो.

निकेल-टिटॅनियमच्या लवचीकपणाचें रहस्य तिच्या अणूंच्या रचनेंत आहे. पोलादाची तार वांकविली म्हणजे तिच्यांतील अणु जागच्या जागीं किंचित् ताणले जातात. ताण सोडला कीं ते परत येतात. पण ही मर्यादा फार आंखूड आहे. लांबी शेंकडा एक अंशानें ताणली जाण्यापूर्वींच ती ओलांडली जाते, अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात, आणि तार कायमची वांकडी होते. निकेल-टिटॅनियममध्यें थर घसरण्याऐवजीं अणूंची सारी मांडणीच एका रूपांतून दुसऱ्या रूपांत जाते आणि ताण काढतांच पूर्वरूपास येते. म्हणून शेंकडा आठ अंशांपर्यंत ताणली तरी ती पूर्ववत् सरळ होऊं शकते. मात्र हें रूपांतर तापमानावर अवलंबून असतें, आणि निकेलचें प्रमाण शेंकडा एका भागानें हललें तरी तें तापमान कित्येक अंशांनीं सरकतें. गार पाणी तोंडांत घेतांच या जातीच्या कांहीं तारा मऊ पडतात, आणि तोंड पुन्हां कोमट झालें कीं जोर धरतात, त्याचें कारण हेंच.

आतां मूळ प्रश्नाकडे वळतां येईल. तार एकाच फटक्यानें तुटावयाची तर तिच्यावर फार मोठा जोर यावा लागतो. असा जोर आला तरी पोलादाची चांगली तार प्रथम वांकते. एकदम तुटत नाहीं. तरी ती तुटते, आणि बहुधा साध्या घासाला तुटते, हें खरेंच. याचें उत्तर धातूच्या थकव्यांत आहे. घरांत पक्कड नसली म्हणजे तारेचा तुकडा मागेंपुढें वांकवून वांकवून तोडण्याची युक्ति सर्वांना ठाऊक असते. एकदां वांकविल्यानें जी तुटत नाहीं, ती वीस वेळां वांकविल्यानें तुटते. वांकण्याचें प्रमाण अगदीं थोडें असलें, तर वीसच्या ऐवजीं लाख वेळां वांकवावें लागेल, एवढाच फरक.

हा धडा मनुष्यानें फार महागांत घेतला आहे. जर्मनींतील क्लाउस्थाल येथील खाणींवरील अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट यानें खाणीच्या लोखंडी सांखळ्यांवर पुनःपुन्हां भार देऊन पाहिला, आणि एरवीं सहज पेलणाऱ्या भारानेंही त्या अखेर तुटतात हें आपलें निरीक्षण १८३७ मध्यें प्रसिद्ध केलें. पुढें १८४२ च्या मे महिन्यांत व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आंस मोडून पन्नासाहून अधिक माणसें दगावलीं. आंसावर त्या दिवशीं कांहीं विशेष भार नव्हता. त्यानंतर जर्मन रेल्वेवरील इंजिनियर आउगुस्ट व्होलर यानें आंसांवर वर्षानुवर्षें प्रयोग केले, आणि किती ताण किती वेळां दिला असतां धातु तुटतो याचें गणित बसविलें. भार एका ठराविक मर्यादेच्या खालीं असला तर पोलाद जवळजवळ कितीही फेरे सोसतें, हेंही त्यांतून दिसून आलें. नगरजवळच्या वाहन संशोधन व विकास संस्थेंत लष्करी वाहनें मुद्दाम खडबडीत मार्गांवर पुनःपुन्हां चालवितात, ती परीक्षाही याच तत्त्वाची आहे. एका खड्ड्यानें जें कळत नाहीं तें हजारों खड्ड्यांनीं कळतें.

तोंडांतील फेऱ्यांचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एका जेवणांत तीस घास आणि दर घासास वीस वेळां चावणें असें धरलें, तर दोन जेवणांचे बाराशे फेरे होतात. महिन्याचे छत्तीस हजार आणि दीड वर्षाचे जवळजवळ साडेसहा लाख. फराळ, पोह्यांची बशी आणि शाळेच्या मधल्या सुटींतील चणे-शेंगदाणे यांचा हिशेब निराळाच. दर वेळीं तार केसभर लवते आणि परत येते. थेंबें थेंबें तळें सांचे ही म्हण बचतीला जशी लागू, तशीच ती या झिजेलाही लागू आहे.

थकव्यानें तुटण्याची क्रिया तारेच्या पृष्ठभागावर सुरू होते, कारण वांकणाऱ्या तारेंत सर्वांत जास्त ताण पृष्ठभागींच असतो. तेथें एखादा ओरखडा, पकडीच्या दांतीचा ठसा, तार ओढून बारीक करतांना राहिलेली खांच किंवा अणकुचीदार घडी असली, तर आजूबाजूचा सारा ताण त्या बिंदूशीं एकवटतो. तेथें प्रथम अगदीं सूक्ष्म भेग पडते. दर घासाला ती उघडते आणि मिटते, आणि दर उघडझांपीस कणभर आंत सरकते. शाबूत उरलेली तार दिवसेंदिवस अरुंद होत जाते, आणि शेवटीं जो धागा शिल्लक राहतो तो एका मऊ घासालाही पुरत नाहीं. तुटलेलें टोंक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं धरलें म्हणजे हा सारा इतिहास वाचतां येतो. भंडारदऱ्याच्या जलाशयाचें पाणी उन्हाळ्यांत उतरूं लागलें म्हणजे काठावर जशा एकाखालीं एक रेघा उमटतात, तशा बारीक रेघा भेगेच्या वाटेवर दिसतात. आणि अखेरच्या क्षणीं एकदम तुटलेला भाग तेवढा निराळा, खडबडीत दिसतो.

येथवरचें वर्णन कोरड्या हवेंतील झालें. तोंडांत याला लाळेची जोड मिळते. लाळेंत मीठ असतें. ब्रॅकेटच्या भोंवतीं अडकलेल्या अन्नावर, विशेषतः साखरेवर, जंतु वाढतात व आम्ल निर्माण करतात. जेथें पोलादावरील क्रोमियमचा पापुद्रा खरवडला गेला असेल तेथें हें आम्ल शिरतें आणि सूक्ष्म खड्डा पडतो; तोच पुढें भेगेचें बीज होतो. कोरड्या हवेंत पोलादाला जी सुरक्षित मर्यादा असते, तिचा भरंवसा अशा ओल्या क्षरणांत धरतां येत नाहीं. तारेला डाग देतांना पोलाद चारशेंपासून नऊशें अंशांच्या दरम्यान फार वेळ तापलें, तर त्यांतील क्रोमियम कर्बाशीं संयोग पावून कणांच्या सीमांवर अडकून पडतें आणि त्या सीमा गंजास उघड्या पडतात. म्हणून डाग दिलेली जागा अशक्त असते.

टिटॅनियमच्या तारांना वेगळाच शत्रु आहे. त्यांच्यावरील संरक्षक पापुद्रा आम्लांना चांगला दाद देत नाहीं, परंतु फ्लुओराइड आणि आम्ल दोन्हीं एकत्र आलीं तर तो विरघळूं लागतो. उघड्या पडलेल्या धातूंत हायड्रोजन शिरतो आणि लवचीक तार ठिसूळ होते. याचा अर्थ फ्लुओराइडची टूथपेस्ट टाकून द्यावी असा मुळींच नाहीं. ब्रॅकेटभोंवतीं दांत किडूं नयेत म्हणून तिची या काळांत अधिकच गरज असते. तीव्र आम्लयुक्त फ्लुओराइडचे लेप किंवा गुळण्या मात्र दंतवैद्यास विचारल्यावांचून घेऊं नयेत, एवढेंच यांतून निष्पन्न होतें. निकेल-टिटॅनियमची आणखी एक खोड अशी कीं, ती तुटण्यापूर्वीं वांकून इशारा देत नाहीं. पोलादाची तार वांकडी दिसूं लागते. ही मात्र शेवटच्या क्षणापर्यंत सरळ असते. तिला तीक्ष्ण कोनांत वांकविलें तर त्या कोनाशींच ती तुटण्याचा संभव असतो.

तार कोठें तुटते हेंही बोधप्रद आहे. दाढेवरील नळीच्या तोंडाशीं, जेथें मोकळी तार एकदम जखडली जाते. घडी दिलेल्या जागीं. आणि काढून टाकलेल्या दांताच्या रिकाम्या जागेवरून जेथें तार आधारावांचून जाते तेथें हा धोका अधिक असतो. रिकाम्या जागेवर कित्येकदां तारेवर प्लास्टिकची बारीक नळी चढवितात. त्यामुळें गालाला तार बोंचत नाहीं.

या सर्व विवेचनावरून जबाबदारी एकट्या मुलावर पडत नाहीं, हें उघड आहे. तिचा कांहीं भाग तार ओढणाऱ्या कारखान्याकडे जातो. कांहीं भाग दंतवैद्याकडे जातो : त्यानें एकाच जागीं तार पुनःपुन्हां वांकवूं नये, पकडीचा ओरखडा पडूं देऊं नये, पोलादाला घड्या दिल्यावर सुमारें साडेचारशें अंशांवर थोडा वेळ तापवून तिच्यांतील अंतर्गत ताण उतरवावा, आणि एकदां वापरलेली तार दुसऱ्यास घालूं नये. उरलेला भाग घराकडे येतो. ऊंस दांतांनीं सोलणें, बर्फ फोडणें, सुपारी व चिक्की, कडक बोरें आणि भाजलेले हरभरे हें या काळांत वर्ज्य केलें पाहिजे. नगरकडील घरीं हुरडा हा हिंवाळ्यांतील सण असतो. त्यावर बंदी घालण्याचें कारण नाहीं, पण पेरू किंवा गाजर समोरच्या दांतांनीं तोडण्याऐवजीं कापून द्यावें. पेन्सिलीचें टोंक व नखें चावण्याची संवय तर ऊंसाहून वाईट, कारण तिचे फेरे दिवसभर चालूं असतात.

आणि तरीही तार तुटलीच तर? प्रथम तुटलेला तुकडा जपून ठेवावा व दंतवैद्यास दाखवावा. कोठें आणि कशी तुटली हें पाहून पुढची तार कोणती घालावी हें तो ठरवूं शकतो. टोंक गालाला बोंचत असेल, तर स्वच्छ कापसाच्या बोळ्यानें तें हलकेच दांताकडे वळवावें आणि दवाखान्यांतून मिळणारें मेण त्यावर बसवावें. घरच्या कात्रीनें तार कापण्याचा उद्योग करूं नये. सुटलेला तुकडा घशांत जाण्याची भीति असते. तुकडा गिळला गेला, किंवा ठसका लागून श्वास अडूं लागला, तर क्षणाचाही विलंब न करतां रुग्णालय गांठावें. एरवीं दंतवैद्यास त्याच दिवशीं दूरध्वनि करून विचारावें. कोणती तुटफूट आठवडाभर थांबूं शकते आणि कोणती नाहीं, हें त्यालाच सांगतां येतें, आणि जामखेडहून निघालेल्या वडिलांची एक खेप त्यानें वांचूं शकते. ठरलेल्या तारखेस जाणें मात्र चुकवूं नये. दंतवैद्य त्या भेटींत दुसरें कांहींच न करतां केवळ तार पाहून परत पाठवितो असें वाटलें, तरी त्या पाहण्यांतच वांकलेली किंवा ओरखडलेली तार तुटण्यापूर्वीं बदलली जाते.

आतां त्या घरच्या वादाचा निकाल लावतां येईल. वरणभात खातांना तार तुटली हें मुलीचें म्हणणें खरें असूं शकतें. मागच्या महिन्यांत ऊंसाच्या मळ्यांत तिनें एक कांडें दांतांनीं सोललें असेल, आणि त्या दिवशीं तारेवर भेगेचा पहिला अंकुर पडला असेल, तर आईचा संशयही अगदींच निराधार नाहीं. कदाचित् तिनें कांहींच केलें नसेल, आणि भेग पकडीच्या एका ठशापासून निघाली असेल. तुटलेल्या टोंकाची परीक्षा झाल्यावांचून यांपैकीं खरें कोणतें हें सांगतां येत नाहीं. एक गोष्ट मात्र निश्चित सांगतां येते. तार तुटली म्हणून ज्या घरीं रागावणें होतें, त्या घरचें मूल पुढच्या वेळीं तार तुटल्याचें सांगत नाहीं. तें महिना महिना गालांत बोंचणारें टोंक जिभेनें दाबून ठेवतें, आणि तेवढ्या अवधींत जागेवर आलेले दांत पुन्हां सरकतात. ‘‘काय खाल्लंस?’’ असें विचारण्यापूर्वीं ‘‘कुठं बोंचतंय, दाखव बरं,’’ असें ज्या घरीं विचारतात, तेथील मूल तार तुटली त्याच संध्याकाळीं येऊन सांगतें, आणि उपचार ठरलेल्या मुदतींत पुरा होण्यास त्याचाच मोठा आधार होतो.